बोटभर चरबी

तुरुंग, मागची बराक
४ मार्च

ताई,

'जिवंत असशील तर दोन ओळी टाक' असं लिहिलंस, म्हणून टाकतोय. जिवंत आहे. फक्त वरचा पुढचा एक दात आता माझ्या मालकीचा राहिला नाही. हसलो की शिट्टी वाजते. आईला सांगू नकोस.

मला मागच्या बराकीत हलवलंय. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, वर जाळीच्या खिडक्या, टोकाला एक नळ. खिडकीखालची खाट इथल्या राजाची. त्याला सगळे रांजण म्हणतात, अगदी तोंडावर, आणि त्याला ते आवडतं. हातपाय बेताचे, पोट मात्र असं की माणूस वळला तरी ते जरा वेळाने वळतं.

दाताची हकिकत अशी. रविवारी इथे माणशी एक उकडलेलं अंडं मिळतं. ते थाळीतून उचलायचं आणि गुपचूप रांजणाच्या खाटेवर नेऊन ठेवायचं, असा नियम आहे. मला कुणी सांगितला नव्हता. मी अंडं सोललं आणि अख्खं तोंडात टाकलं. मग त्याच्या दोन माणसांनी मला काखेत धरून उचललं आणि माझं तोंड नळावर आपटलं. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा सावकाश नेम धरून. अंडं मात्र तोवर पोटात गेलं होतं.

ओठ फाटला होता, तो शेजारच्या खाटेवरच्या टेलरकाकांनी शिवला. शिवणखात्यातली सुई, चहाच्या पाण्यात उकळलेला दोरा. बटण लावावं तसे चार टाके घातले आणि म्हणाले, "आता महिनाभर शिव्या देऊ नकोस, उसवेल." पिकल्या केसांचा, पडक्या आवाजाचा माणूस आहे. माझ्यावर जीव आहे त्यांचा. तू त्या मोठ्या हॉस्पिटलात पेशंटांचं खाणंपिणं ठरवतेस हे त्यांना सांगितलं, तर त्यांनी लगेच बायकोच्या साखरेच्या दुखण्याबद्दल विचारलं.

रांजणाच्या पोटावर एक व्रण आहे. मागे एकाने चमच्याचा दांडा फरशीवर घासघासून धार काढली आणि झोपेत त्याच्या पोटात खुपसला. दांडा चरबीतच फसला. डॉक्टर म्हणाले, बाबा रे, तुझ्या पोटाने तुला वाचवलं. तेव्हापासून तो पोटावरून हात फिरवत बसतो, पाळलेल्या मांजरावरून फिरवावा तसा. ज्याने भोसकलं त्याचं डोकं याने खाटेच्या पायावर इतकं आपटलं की तो आता अंगणात बसून असतो आणि हाक मारली तर भलत्याच दिशेला बघतो.

जाणारं-येणारं प्रत्येक पत्र इथे फाटकापाशी बसणारे एक साहेब वाचतात, न आवडलेल्या ओळीवर जाड निळी पेन्सिल ओढतात. तेव्हा साहेब, नमस्कार. दात माझा होता, सरकारी नव्हता.

तुझा
भाऊ


२० मार्च

काडीपैलवान,

तुझं पत्र हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि शेजारच्या भिंतीवर गुद्दा मारला. भिंतीला काही झालं नाही. माझी बोटं दोन दिवस सुजली होती.

अंडं देऊन टाकत जा. ऐकतोयस ना? अंड्यात काय ठेवलंय? तुला जे त्यातून मिळतं ते डाळीतूनही मिळतं, वाटीभर जास्त मागून घे. तू आत गेलास तोही असाच. समोरच्याने गाडीला धक्का दिला, वर आईवरून बोलला, आणि तू गॅरेजमधला पाना उचललास. त्याचा डोळा गेला आणि तुझी वर्षं गेली. पाना खाली ठेवला असतास तर आज मी हे पत्र लिहीत बसले नसते, तुझ्या पोरांचा शेंबूड पुसत असते.

मी कोण शहाणी लागून गेले म्हणा. मागच्या आठवड्यात वॉर्डात एका पेशंटचा भाऊ पिऊन आला आणि बिनमिठाचं सूप का देता म्हणून गरम वाटी त्याने नर्सच्या अंगावर फेकली. पोरगी किंचाळली. माझ्या हातात स्टीलचा ट्रे होता. त्याचा कान अर्धा फाटला. आमच्याच हॉस्पिटलात शिवला, आणि शिवताना मला त्याची माफी मागायला लावली. मागितली. बाबा आपल्याला घर ठेवून गेले नाहीत, हा राग तेवढा ठेवून गेले.

पण एक ध्यानात धर. वागणूक चांगली राहिली तर डिसेंबरात तू सुटतोस. मला दुसरं काही नको. आई हल्ली जिना उतरत नाही, पण दारात चपला लावते तेव्हा तुझे बूट पुसून त्यांत ठेवते. तू डिसेंबरात दोन पायांवर चालत ये, हातावर नवं रक्त न घेता. बाकी दात मी बसवून देईन.

काकांना सांग, बायकोला घेऊन कुणालातरी माझ्याकडे येऊ दे. मी बघते.

ताई


२ मे

ताई,

टेलरकाका गेले. पोटाच्या दुखण्याने. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तुझ्याकडे काम आहे. हसू नकोस. रांजणाला पोट कमी करायचंय. नुसतं कमी नाही, त्याला ते नटांसारखे पोटावरचे चौकोन पाहिजेत, सहाच्या सहा. झालं असं की भेटीच्या दिवशी त्याची मुलगी आली होती. ती म्हणाली, "बाबा, जाळीपाशी तुमच्या आधी तुमचं पोट येतं." सगळे हसले, तोही हसला, पण बराकीत येऊन एकाला कारण नसताना लाथ घातली. मग मी मासिकातलं एक पान फाडलं, उघड्या अंगाच्या एका नटाचं, आणि त्याच्या खाटेशेजारी भिंतीवर चिकटवलं. म्हटलं, माझी बहीण हेच काम करते, विचारू का? तो बराच वेळ त्या पानाकडे बघत होता.

त्याने कबूल केलंय, तुझ्या सांगण्याने फरक पडला तर मला कुणी बोट लावणार नाही. तेव्हा नीट लिही. त्याने काय खावं, काय सोडावं, आणि चरबी किती उतरली ते कसं ओळखायचं. शेवटचं जरा बारकाईने लिही.

भाऊ


११ मे

काडीपैलवान,

काकांचं वाचून वाईट वाटलं. त्यांचे टाके तुझ्या ओठावर असतील अजून. पोटाचं काय झालं होतं? अल्सर फुटला असेल तर इलाज होता. तुमच्या डॉक्टरांना काही कळतं की नाही?

आणि दुसरं वाचून मी हसले, मग रडले, मग आईला म्हटलं, आपल्या गाढवाला अक्कल आली. कुणाला न मारता तू स्वतःला वाचवायची वाट शोधलीस. ही पहिलीच वेळ. तेव्हा तुझ्या रांजणाला वाचून दाखव.

पोटावरचे ते चौकोन सगळ्यांनाच असतात. तुमच्याही आहेत. वरचं पांघरूण जाड आहे, म्हणून दिसत नाहीत. हजार उठाबशा काढल्या तरी पांघरूण पातळ होत नाही, ते फक्त खाण्याने होतं. आणि एकट्या पोटावरची चरबी निवडून काढता येत नाही. तोंड उतरेल, मान उतरेल, हात उतरतील, पोट सगळ्यांत शेवटी. तेव्हा आठ दिवसांत आरशासमोर उभे राहू नका.

चहा बिनसाखरेचा. बिस्किटं बंद. भात आहे त्याच्या अर्धा, पाव एकच. डाळ पोटभर, उसळ असेल तर आधी ती. भाजी कशीही शिजवलेली असो, थाळीत पहिली ती संपवायची. बटाटा भाजीत धरायचा नाही, भातात धरायचा. दर घासाला चमचा खाली ठेवायचा आणि चावून गिळायचं; घाईने जेवणाऱ्याला पोट भरल्याचं कळेपर्यंत दुसरी थाळी झालेली असते. तहान आणि भूक यांत घोटाळा होतो, म्हणून आधी पाणी. संध्याकाळचं जेवण झालं की पुन्हा तोंड हलवायचं नाही. अंगणात चालायचं. झोप पुरी घ्यायची, अपुऱ्या झोपेने भूक वेडी होते.

ओळखायचं कसं, तर बेंबीच्या बाजूला चिमटीत धरा आणि किती बोटं जाड लागतं ते बघा. सुरुवातीला चार बोटं भरेल. दोनवर आलं की वरचे चौकोन दिसायला लागतील. एकावर आलं की सगळे.

आणि माझी फी. दुसऱ्यांच्या थाळीतली अंडी आणि पाव तुम्ही आता खाऊ शकत नाही. तेव्हा ज्याचं त्याला परत द्यायचं. हे नाही पाळलं तर पुढचा सल्ला बंद.

ताई


१० जुलै

ताई,

तुझी फी वसूल झाली. पण आधी जे झालं ते ऐक.

पहिला महिना आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. भुकेला माणूस काय असतो ते कळलं. जेवणानंतर तो पिंजऱ्यातल्यासारखा खाटांमधून येरझाऱ्या घालायचा. एकदा पलीकडच्या खाटेवर कुणीतरी पांघरुणात बिस्किटांचा पुडा उघडला. कागद वाजला. रांजण गेला, पांघरूण ओढलं आणि थाळीच्या कडेने त्या माणसाच्या हातावर, तोंडावर, गुडघ्यांवर मारत सुटला. थाळी वाकली. मग त्याने सांडलेल्या बिस्किटांकडे बघितलं, वाकून त्यांचा वास घेतला आणि पायाने भुगा केला. एक तुकडाही तोंडात घातला नाही. मी त्याच क्षणी ओळखलं, हा टिकणार.

टिकला. आता चमचा खरंच खाली ठेवतो. बराकीत सगळ्यांना ठेवायला लावतो. गाल आत गेलेत, मानेवरची वळी गेली. पहाटे अंगणात चालतो. मागच्या रविवारी पहिल्यांदा सगळ्यांनी आपापलं अंडं खाल्लं. नुसता टरफलं फुटल्याचा आवाज. अंगणातल्या त्या डोकं फुटलेल्या माणसाला त्याचं अंडं मीच सोलून दिलं. त्याने ते हातात धरून ठेवलं, खायचं असतं हे विसरला होता.

रांजण म्हणतो, "बाईंना सांग, आयुष्यात पहिल्यांदा मला माझे पाय दिसले."

चिमटीत तीन बोटं. मीच धरून बघतो, त्याला स्वतःला नीट जमत नाही. पुढे वेग वाढवायला काय करायचं?

भाऊ


९ ऑगस्ट

काडीपैलवान,

'माझे पाय दिसले' हे मी वॉर्डातल्या सगळ्या बायकांना सांगितलं. सूप ढवळणारी मावशीसुद्धा विचारते, तुमचा तो तुरुंगातला पेशंट कसा आहे? इथे शिकलेसवरलेले लोक माझ्यासमोर मान डोलावतात आणि खाली कॅन्टीनमध्ये जाऊन तळलेलं हाणतात. आणि तिथे एक खुनशी माणूस माझं अक्षर न् अक्षर पाळतोय. त्याला म्हणावं, वेग वाढवायचा नाही. आहे ते चालू ठेवा.

आता दुसरं.

काल टेलरकाकांची बायको आली होती. काकांनी मरायच्या आधी पत्रात माझा पत्ता दिला होता. साखर वाढली आहे, पायाला जखम आहे. मी सगळं विचारून घेतलं, काय खाता, किती खाता. उठताना ती म्हणाली, "त्यांना मीच आंघोळ घातली हो शेवटची. उजव्या बाजूच्या बरगड्या हाताखाली हलत होत्या. तोंड ओळखू येत नव्हतं, कानावरून ओळखलं."

पोटाचं दुखणं म्हणालास. बरगड्या काय पोटदुखीने मोडतात? काय झालं ते मला सांग. कुणी केलं? आणि तू त्या वेळी कुठे होतास? मी त्या बाईला काय सांगू? ती पुढच्या महिन्यात परत येणार आहे.

ताई


३ सप्टेंबर

ताई,

काका पडले. त्यांच्या बायकोला सांग, पडले. खाटेवरून.

मला भटारखान्यात काम मिळालंय. सकाळ-संध्याकाळ डाळीचं पातेलं ढवळायचं, दोन माणसं बसतील एवढं मोठं. हात भाजतात, पण बरं आहे. कुणी झडती घेत नाही.

रांजणाची चिमटी दोन बोटांच्या आत आली. वरच्या दोन रेषा दिसतात. तो सदरा काढूनच फिरतो आता. पण त्याला महिनाअखेरीला दुसऱ्या तुरुंगात हलवणार असं कानावर आलंय. त्याच्या आत एक बोट व्हायला पाहिजे. भात पूर्ण सोडला तर होईल का? पाणी कमी केलं तर?

आणखी एक विचारायचं होतं. चरबीच्या खाली जो स्नायू असतो तो किती कडक असतो? माणूस गाफील असला तर तो सैल असतो ना? लवकर लिही.

भाऊ


१० सप्टेंबर

अरे,

तुझं पत्र घेऊन मी दुपारी डबा खायला बसले होते. 'गाफील' या शब्दापाशी आले आणि घास तसाच राहिला. चमचा हातात होता. मी तो उलटा केला, दांड्याचं टोक माझ्या पोटाला टेकवलं आणि त्याच्यावर बोटं ठेवून बघितलं. चार बोटं चरबीत दांडा फसतो. एका बोटात फसत नाही, थेट आत जातो.

तू त्याला बारीक करत नव्हतास. तू त्याला सोलत होतास. त्या मासिकाच्या पानापासून. आणि मी मूर्ख बाई, तुला अक्कल आली म्हणून आईच्या गळ्यात पडून रडले. भात कमी, साखर बंद, चिमटीत धरा, सगळं मीच लिहून दिलं, लाडाने, विनोद करकरून.

काकांना त्यानेच मारलं ना? की त्याच्या माणसांनी? तुला आत जळत असेल, मी समजू शकते. त्यांच्या बायकोचं ऐकून मलाही त्याच्या नरडीला हात घालावासा वाटला. हातात ट्रे असता आणि तो समोर असता तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. पण तो समोर नव्हता, आणि राग जेवणाच्या सुट्टीपुरता टिकला. तू चार महिने राग राखून ठेवलास. त्याची चिमटी धरताना तू हसत असशील. मला त्या हसण्याची भीती वाटते रे. पाना उचललास तेव्हा तू वेडा झाला होतास. आता तू वेडाही नाहीस.

साहेब, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे. फाटकापाशी बसून माझी पत्रं वाचणारे तुम्हीच. मला हे भावाला आडून लिहिता आलं असतं, तुमच्या लक्षात आलं नसतं. मी मुद्दाम उघड लिहितेय. माझा भाऊ महिनाअखेरीच्या आत तुमच्या बराकीतल्या रांजण म्हणतात त्या माणसाला पोटात भोसकणार आहे. हत्यार भटारखान्यात असेल. त्याला तिथून आजच काढा, झडती घ्या, वेगळं ठेवा. त्याची डिसेंबरची सुटका गेली तर जाऊ दे. तो मला वर्षभर उशिरा आलेला चालेल, पण तो खून करून आलेला मला नको. आणि त्या म्हाताऱ्या टेलरच्या बरगड्या मोडत होत्या तेव्हा तुम्ही कुणाचं पत्र वाचत होतात, तेही एकदा स्वतःला विचारा.

भाऊ, मी तुला पकडून दिलंय. तू मला शिव्या घाल. काकांनी घातलेले टाके आता सुटलेत, तुला मोकळीक आहे.

ताई


२९ सप्टेंबर

बाई,

हे अक्षर तुमच्या भावाचं नाही. त्याचा उजवा हात मोडलाय. मी मोडला. मी सांगतोय आणि बराकीतला एक जण लिहून घेतोय. मला रांजण म्हणतात.

तुम्ही भाबड्या आहात. फाटकापाशी बसणारे साहेब माझेच आहेत. तुमचं पत्र त्यांनी दोन सिगारेटच्या पाकिटांना मला विकलं. वरिष्ठांना त्यातलं काही माहीत नाही.

चार दिवसांपूर्वी सकाळी मी भटारखान्यात गेलो. एकटा. तुमचा भाऊ डाळ ढवळत होता. मी सदरा काढला, तुमचं पत्र त्याच्यासमोर धरलं आणि म्हटलं, वाच. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. घडी घालून मला परत दिलं. मग तांदळाच्या पोत्यात हात घालून चमचा काढला आणि आला अंगावर. मानलं पोराला. कळलं होतं की मला कळलंय, तरी आला.

मी अंग आवळलं होतं, म्हणून टोक नखाएवढंच आत गेलं आणि आडवं फाटत गेलं. पोट रक्ताने भरलं. मी त्याचं मनगट धरलं, पातेल्याच्या काठावर ठेवलं आणि वर माझं सगळं वजन टाकलं. काडी मोडावी तसा आवाज आला. मग केसांना धरून त्याचं तोंड डाळीवर आणलं. वाफेने त्याच्या भुवया जळल्या. ओरडला नाही. काकांना हाका मारत होता.

मारणार होतो. सोडला, पण दयेने नाही. बराकीत सगळ्यांना ठाऊक होतं की बाईच्या पत्राने रांजण वाचला. तिचाच भाऊ मारला असता तर उद्यापासून माझ्या शब्दाला इथे कुत्र्यानेही विचारलं नसतं. डॉक्टरांना मी सांगितलं, पोरगा ओल्या फरशीवर घसरला आणि माझं पोट पत्र्याला लागलं. लिहून घेतलं त्यांनी. तुमचा डिसेंबर जागेवर आहे. माझी बदलीही थांबवून घेतली, जखम भरेपर्यंत.

म्हाताऱ्याचं विचारलंत. माझ्या दोन माणसांनी मारला. तुमच्या भावाच्या वाटणीचं अंडं त्याने लपवून ठेवलं होतं, दात पडलेल्या पोराला मऊ काहीतरी मिळावं म्हणून. मी खाटेवर पडून बघत होतो. 'पुरे' म्हटलं असतं तर थांबले असते. माझं पोट भरलेलं होतं, बोलायचा कंटाळा आला. एवढंच झालं होतं.

आता माझं काम. माझ्या पोटात चमचा कुठवर जाईल हे आता अख्ख्या बराकीला कळलंय. मी भिंतीला पाठ लावून बसतो. ज्यांनी माझ्यापुढे मान वर केली नव्हती ते माझ्या पोटाकडे बघून हसतात. सहाच्या सहा चौकोन आलेत, मुलगी खूश झाली, पण मला ते नकोत. मला माझं पोट परत पाहिजे. लवकर. काय खाऊ, किती खाऊ, ते लिहून पाठवा. तुम्ही सांगाल तसं पाळतो, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा भाऊ जेवत नाही. डाव्या हाताने थाळी ढकलतो. चार दिवस झाले. तुमच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

रांजण


४ ऑक्टोबर

तुम्हाला,

पत्र वाचून झालं. मग तोंड धुऊन वॉर्डात गेले, कारण सात पेशंटांचं जेवण माझ्या सहीवाचून अडलं होतं.

माफी माझ्याकडे मागितली नाहीत ते बरं केलंत. ती द्यायचा हक्क एका बाईला आहे, जिने कानावरून नवरा ओळखला. ती परवा येते आहे. तुम्हाला कसला कंटाळा आला होता ते मी तिला तुमच्याच शब्दांत सांगणार आहे.

जाड होणं सोपं आहे असं तुम्हाला वाटत असेल. वाळलेला माणूस पुन्हा खायला बसला की आधी तोंड सुजतं, पाय सुजतात, छातीत धडधडतं. पोट पहिल्यासारखं यायला महिने लागतात. कशाने लवकर येईल आणि जीव जाणार नाही, ते मला माहीत आहे. पण ते मी आज लिहिणार नाही.

आधी माझा भाऊ. त्याचा हात बरा होईपर्यंत दोन्ही वेळा त्याला तुम्ही भरवायचं. तुमच्या माणसांनी नाही, तुम्ही. खाटेवरून उठायचं, भिंत सोडायची, सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं. मऊ भात, त्यावर पातळ डाळ, एक अंडं कुस्करून. घास लहान घ्या. तो तुमच्या तोंडावर थुंकेल. पुसा आणि पुढचा घास घ्या. बोट चावेल, कदाचित तोडेलही. दुसऱ्या बोटाने भरवा. थाळी उडवली तर सांडलेलं स्वतः गोळा करा आणि नवी आणा. तुमच्या पाठीमागे कोण उभं आहे, ते वळून बघायचं नाही. बघत बसलात तर घास त्याच्या नाकात जाईल.

तो माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत आहे. कदाचित कधीच नाही. न बोलता येऊ दे. येऊ दे मात्र.

ज्या दिवशी तो तुमच्या हातून अख्खी थाळी संपवेल, त्या दिवशी मला कळवा. पण त्याच्या डाव्या हाताने लिहिलेली एक ओळ सोबत पाहिजे, तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही. ती ओळ मिळाली की तुम्ही काय खायचं ते मी लिहून पाठवीन.

तोपर्यंत असेच बारीक राहा.

त्याची ताई